लहान व्यवसायासाठी जुन्या फायरवॉलच्या जागी नवी फायरवॉल : निवडीचे निकष

प्रस्तावना

लहान पेढीत, कारखान्यात किंवा शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात फायरवॉल नावाचे यंत्र एकदा बसवले की त्याच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. इंटरनेट चालू आहे तोवर ते कपाटावर धूळ खात पडलेले असते. पाच-सात वर्षांनी विक्रेत्याचा निरोप येतो की, ‘आपल्या यंत्राची मुदत संपली, आता नवे घ्यावे लागेल.’ मालकाच्या मनात तेव्हा दोन प्रश्न उभे राहतात. चालू असलेले यंत्र खरोखरच बदलायला हवे, की हा केवळ विक्रीचा आग्रह आहे? आणि बदलायचेच असेल तर बाजारातील एवढ्या यंत्रांतून कोणते निवडावे?

प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांचा विचार केला आहे. साधारण दहा ते पन्नास संगणक असलेला आणि स्वतःचा संगणक विभाग नसलेला व्यवसाय येथे गृहीत धरला आहे. अशा ठिकाणी निर्णय मालक, हिशेबनीस किंवा घरातील एखादा संगणक शिकलेला तरुण घेतो. म्हणून तांत्रिक बाबी शक्य तितक्या साध्या शब्दांत मांडल्या आहेत. लेखाचे मुख्य प्रतिपादन असे की, फायरवॉलची निवड ही एका यंत्राची खरेदी नसून पुढील पाच वर्षांच्या देखभालीची निवड असते. ज्या यंत्राची देखभाल आपल्याकडून होणार नाही ते यंत्र कितीही नामांकित असले तरी आपल्या उपयोगाचे नाही.

१. फायरवॉलचे कार्य

कार्यालयातील संगणकांचे जाळे आणि बाहेरचे इंटरनेट यांच्या सीमेवर फायरवॉल उभी असते. आतून बाहेर आणि बाहेरून आत जाणारी माहिती लहान लहान पॅकेटांच्या रूपाने तिच्यातून जाते. कोणते पॅकेट जाऊ द्यायचे आणि कोणते अडवायचे हे ती तिला दिलेल्या नियमांवरून ठरवते.

नोव्हेंबर १९८८ मध्ये ‘मॉरिस वर्म’ या प्रोग्रॅमने त्या वेळच्या इंटरनेटवरील हजारो संगणक ठप्प केले. जाळ्याच्या सीमेवर पहारा हवा ही जाणीव त्यानंतर वाढली. सुरुवातीच्या फायरवॉल पॅकेटवरील पत्ता आणि पोर्ट क्रमांक एवढेच पाहत. नव्वदीच्या दशकाच्या मध्यास, प्रत्येक जोडणी कोणी सुरू केली हे लक्षात ठेवणाऱ्या फायरवॉल बाजारात आल्या. आतल्या संगणकाने मागितलेले उत्तर आत येऊ द्यायचे आणि न मागता आलेले पॅकेट टाकून द्यायचे, हे त्यामुळे शक्य झाले. आजच्या यंत्रांत याशिवाय घुसखोरीच्या खुणा ओळखणे, घातक संकेतस्थळे अडवणे, विषाणू तपासणे आणि घरून काम करणाऱ्यांसाठी सुरक्षित जोडणी म्हणजे व्हीपीएन देणे, एवढी कामे एकत्र केलेली असतात.

साधा राऊटरही बाहेरून न मागता आलेली पॅकेट अडवतो. मग फायरवॉल वेगळी कशासाठी, असा प्रश्न विचारला जातो. राऊटर बाहेर जाणाऱ्या वाहतुकीवर सहसा बंधन घालत नाही, आतील जाळ्याचे विभाग पाडून त्यांच्यात पहारा ठेवत नाही आणि काय घडले याची पुरेशी नोंदही ठेवत नाही. व्यवसायाला याच तीन गोष्टींची गरज असते.

२. जुने यंत्र केव्हा बदलावे

यंत्र चालू आहे याचा अर्थ ते सुरक्षित आहे असा होत नाही. फायरवॉल हाही एक संगणकच आहे. तिच्या सॉफ्टवेअरमध्ये दोष सापडत राहतात आणि उत्पादक कंपनी ते दूर करणाऱ्या सुधारणा देत राहते. या सुधारणा थांबल्या की यंत्र तेच राहते, पण सापडलेला प्रत्येक नवा दोष कायमचा उघडा राहतो. शिवाय हे यंत्र थेट इंटरनेटला जोडलेले असल्यामुळे तो दोष जगातील कोणालाही बाहेरून तपासता येतो.

प्रत्येक उत्पादनाच्या आयुष्यात तीन तारखा महत्त्वाच्या असतात : विक्री बंद होण्याची, सॉफ्टवेअर सुधारणा बंद होण्याची आणि कंपनीचा संपूर्ण आधार संपण्याची. या तारखा कंपन्या जाहीर करतात. विक्री बंद झाली म्हणून लगेच घाबरण्याचे कारण नाही, कारण त्यानंतरही सहसा काही वर्षे सुधारणा मिळत राहतात. दुसरी तारीख मात्र निर्णायक मानावी.

काही उदाहरणांवरून हे स्पष्ट होईल. मायक्रोसॉफ्टच्या फोरफ्रंट टीएमजी या सॉफ्टवेअर फायरवॉलचा विस्तारित आधार १४ एप्रिल २०२० रोजी संपला. अहमदाबादेत घडलेले सायबरोम हे यंत्र गुजरात, महाराष्ट्र व मध्य प्रदेशातील अनेक लहान कार्यालयांच्या परिचयाचे होते. २०१४ मध्ये ती कंपनी सोफोसने विकत घेतली आणि पुढे ग्राहकांना सोफोसच्या प्रणालीकडे वळावे लागले. सोफोसच्याही एक्सजी मालिकेतील यंत्रांचे आयुष्य ३१ मार्च २०२५ रोजी संपल्याचे जाहीर झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये सिस्कोच्या एएसए यंत्रांतील दोषांचा हल्लेखोर वापर करीत असल्याचे उघड झाले. तेव्हा अमेरिकेच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने २५ सप्टेंबर रोजी तातडीचा आदेश काढून, ज्या एएसए यंत्रांचा आधार त्या महिनाअखेर संपत होता ती आपल्या सरकारी खात्यांच्या जाळ्यातून काढून टाकण्यास सांगितले. ती यंत्रे बंद पडलेली नव्हती. त्यांना यापुढे दुरुस्ती मिळणार नव्हती, एवढे कारण पुरेसे ठरले.

म्हणून विक्रेत्याचा निरोप आल्यावर यंत्राच्या पाठीवरचा मॉडेल क्रमांक उतरवून घ्यावा आणि कंपनीच्या संकेतस्थळावर त्याच्या तारखा स्वतः पाहाव्यात. सुधारणा बंद झाल्या असतील तर यंत्र बदलावे. सुधारणा चालू असून केवळ वार्षिक परवाना संपला असेल तर परवान्याचे नूतनीकरण आणि नवे यंत्र यांच्या खर्चाची तुलना करावी. इंटरनेटचा वेग वाढल्यामुळे जुने यंत्र अपुरे पडत असेल तर तेही बदलाचे योग्य कारण आहे.

३. प्रथम स्वतःच्या गरजेची नोंद

दरपत्रके मागवण्यापूर्वी एका कागदावर आपल्या कार्यालयाचे चित्र मांडावे. समजा, बेळगावच्या उद्यमबाग भागात एक लहान फौंड्री आहे. तेथे २५ संगणक, हिशेबाचे सॉफ्टवेअर असलेला एक सर्व्हर, आठ कॅमेरे व त्यांचा डीव्हीआर, पाहुण्यांसाठी वायफाय आणि २०० मेगाबिट प्रतिसेकंद वेगाची एक इंटरनेट जोडणी आहे. मालक रात्री घरून हिशेब पाहतात आणि दोन विक्री प्रतिनिधी बाहेरगावाहून साठा तपासतात. ग्राहकांनी विश्वासाने दिलेली सुट्या भागांची रेखाचित्रे सर्व्हरवर आहेत.

या चित्रावरून पुढील प्रश्नांची उत्तरे मिळतात :

अ) एका वेळी किती संगणक, मोबाइल व इतर उपकरणे जाळ्यावर असतात? २५ संगणकांच्या कार्यालयात मोबाइल धरून ही संख्या सहज साठ-सत्तर होते.

आ) इंटरनेट जोडणीचा आजचा वेग किती आणि पुढील पाच वर्षांत तो किती होईल? दुसरी पर्यायी जोडणी घ्यायची आहे का?

इ) बाहेरून आत कोणाला यायचे आहे आणि नेमके कोणत्या कामासाठी?

ई) कोणती उपकरणे एकमेकांपासून वेगळी ठेवायला हवीत?

शेवटच्या प्रश्नाकडे फार दुर्लक्ष होते. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या प्रोग्रॅमने कारखान्यातून आले तेच पासवर्ड असलेले लक्षावधी कॅमेरे, डीव्हीआर व राऊटर ताब्यात घेतले होते. कॅमेऱ्याचा डीव्हीआर आणि हिशेबाचा सर्व्हर एकाच जाळ्यात असतील, तर स्वस्त डीव्हीआरमधून शिरलेला चोर थेट तिजोरीपाशी पोहोचतो. म्हणून नवी फायरवॉल घेताना जाळ्याचे निदान चार भाग करता यावेत : सर्व्हर, कर्मचारी, कॅमेरे आणि पाहुणे. अशा विभागांना व्हीलॅन म्हणतात. त्यासाठी कार्यालयातील स्विचही व्हीलॅन समजणारा असावा लागतो. तसा नसेल तर त्याचा खर्च आताच हिशेबात धरावा.

४. वेगाचे आकडे कसे वाचावेत

माहितीपत्रकावर सर्वांत वर, ठळक अक्षरांत जो वेग छापलेला असतो तो बहुधा कोणतीही खोल तपासणी न करता पॅकेट पुढे ढकलण्याचा वेग असतो. फॉर्टिनेट कंपनीच्या फॉर्टिगेट ६०एफ या लहान कार्यालयांत पुष्कळ दिसणाऱ्या मॉडेलचे प्रसिद्ध आकडे पाहू. केवळ फायरवॉल म्हणून त्याचा वेग १० गिगाबिट प्रतिसेकंद आहे. घुसखोरी ओळखण्याची सोय चालू केली की तो १.४ गिगाबिट होतो. विषाणू तपासणीसह सर्व संरक्षण चालू केल्यावर तो ७०० मेगाबिट राहतो. म्हणजे ठळक आकड्याच्या सुमारे चौदाव्या हिश्श्यावर येतो. यात कंपनीची लबाडी नाही, हे सर्व आकडे त्याच पत्रकात दिलेले असतात. पण खरेदीदार पहिलाच आकडा वाचतो.

तुलना करताना सर्व कंपन्यांचा ‘संपूर्ण संरक्षण चालू असतानाचा वेग’ हाच आकडा घ्यावा आणि तो आपल्या इंटरनेट जोडणीच्या निदान दुप्पट असावा, असा ठोकताळा ठेवण्यास हरकत नाही. प्रयोगशाळेतील मोजणी आणि कार्यालयातील प्रत्यक्ष वापर यांत अंतर पडतेच. आपल्या उदाहरणातील फौंड्रीला २०० मेगाबिटच्या जोडणीसाठी ४०० ते ५०० मेगाबिटचे यंत्र आज पुरेल. जोडणी पुढे ५०० मेगाबिटची करायची असेल तर त्याच्या वरचे यंत्र घ्यावे.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जाळ्याचे विभाग पाडल्यावर कर्मचाऱ्यांच्या संगणकाकडून सर्व्हरकडे जाणारी वाहतूकही फायरवॉलमधून जाऊ लागते. स्विचवर एक गिगाबिट वेगाने उघडणारी रेखाचित्रांची मोठी फाइल मग तपासणीच्या रांगेत उभी राहते आणि ‘नवे यंत्र आल्यापासून सर्व्हर मंद झाला’ अशी तक्रार सुरू होते. अंतर्गत वाहतुकीसाठी कोणती तपासणी चालू ठेवायची हे आधीच ठरवले तर ही अडचण येत नाही.

५. सांकेतिक वाहतुकीची तपासणी

आज बहुतेक संकेतस्थळांशी होणारी देवाणघेवाण सांकेतिक स्वरूपात असते. पाकीट सीलबंद असल्यामुळे फायरवॉलला वरचा पत्ता कळतो, आतील मजकूर दिसत नाही. तो पाहायचा तर फायरवॉलने मध्ये उभे राहून सील उघडणे, तपासणे आणि स्वतःच्या प्रमाणपत्राने पुन्हा सील करणे आवश्यक असते. त्यासाठी प्रत्येक संगणकावर त्या फायरवॉलचे प्रमाणपत्र बसवावे लागते. यंत्रावरील भार बराच वाढतो आणि काही अॅप्स अशा मध्यस्थाला नकार देऊन बंद पडतात.

लहान व्यवसायाने ही सोय सरसकट चालू करावी असे वाटत नाही. बँका, रुग्णालये व सरकारी सेवा यांची वाहतूक उघडणे केव्हाही योग्य नव्हे. कर्मचाऱ्यांना न सांगता त्यांची देवाणघेवाण वाचणे तर नैतिकदृष्ट्याही चुकीचे आहे. सील न उघडताही घातक संकेतस्थळांची नावे डीएनएस पातळीवर अडवता येतात आणि प्रत्येक संगणकावरील विषाणूरोधक सॉफ्टवेअर फाइल उघडल्यावर तपासते. या दोहोंनी बरेच काम भागते. विक्रेता केवळ या सोयीसाठी मोठे मॉडेल सुचवत असेल, तर ती सोय प्रत्यक्षात कोण चालवणार हे त्याला विचारावे.

६. बाहेरून आत येण्याचा मार्ग

घरून हिशेब पाहता यावा म्हणून विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचे ३३८९ क्रमांकाचे पोर्ट इंटरनेटवर उघडे ठेवण्याची पद्धत आपल्याकडे लहान व्यवसायांत सर्रास आढळते. कोणीतरी तंत्रज्ञ पाच मिनिटांत ही सोय करून देतो आणि ती वर्षानुवर्षे तशीच राहते. इंटरनेटवरील उघडी पोर्ट शोधणारे प्रोग्रॅम अहोरात्र फिरत असतात. असे पोर्ट सापडले की पासवर्डचा मारा सुरू होतो. तो एकदा जुळला की सर्व्हरवरील फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली जाते. फायरवॉल नवी घेतली आणि हा जुना नियम तसाच नव्या यंत्रात उतरवला, तर सर्व खर्च व्यर्थ गेला असे समजावे. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ पसरला तोही याच जातीच्या उघड्या दारांतून, म्हणजे फाइल वाटपाच्या ४४५ क्रमांकाच्या पोर्टमधून. त्यावरची सुधारणा मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, मार्चमध्ये दिलेली होती.

योग्य मार्ग व्हीपीएनचा आहे. पण तेथेही निवड लागते. ब्राउझरच्या धर्तीवर चालणाऱ्या एसएसएल व्हीपीएनमध्ये गेल्या काही वर्षांत निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांत गंभीर दोष सापडले. फॉर्टिनेटने तर २०२५ मध्ये आपल्या प्रणालीच्या ७.६.३ या आवृत्तीतून एसएसएल व्हीपीएनची टनेल पद्धत काढूनच टाकली. नवी खरेदी करताना आयपीसेक किंवा वायरगार्ड या पद्धती आणि मोबाइलवरील सांकेतिक क्रमांकासह दुहेरी ओळख पटवण्याची सोय आहे का, हे पाहावे. या सोयीसाठी प्रतिव्यक्ती वेगळा आकार आहे का, हेही विचारावे. यंत्राचे नियंत्रण पान इंटरनेटवरून उघडता येणार नाही अशीच रचना असावी.

७. पाच वर्षांचा खर्च

दरपत्रकातील यंत्राची किंमत ही खर्चाची सुरुवात असते. घातक संकेतस्थळांच्या व घुसखोरीच्या खुणांच्या ताज्या याद्या दरवर्षीच्या परवान्यावर मिळतात. काही कंपन्यांच्या बाबतीत सॉफ्टवेअर सुधारणाही त्या परवान्याशी जोडलेल्या असतात. पुढील आकडे केवळ हिशेबाची रीत समजावी म्हणून घेतलेले आहेत.

पहिला पर्याय : यंत्र ३०,००० रुपये, परवाना दरसाल २४,००० रुपये. पाच वर्षांचा खर्च १,५०,००० रुपये.

दुसरा पर्याय : यंत्र ६०,००० रुपये, परवाना दरसाल १५,००० रुपये. पाच वर्षांचा खर्च १,३५,००० रुपये.

तिसरा पर्याय : मुक्त सॉफ्टवेअर, परवाना नाही. त्यासाठी लागणारा लहान संगणक ४०,००० रुपये आणि देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञाला दरमहा १,५०० रुपये. पाच वर्षांचा खर्च १,३०,००० रुपये.

यंत्राच्या किमतीवरून पाहिले तर पहिला पर्याय सर्वांत स्वस्त दिसतो. पाच वर्षांच्या हिशेबात तोच सर्वांत महाग ठरतो. तिसऱ्या पर्यायात पीएफसेन्स किंवा २०१५ पासून तिच्यातून वेगळी झालेली ओपीएनसेन्स यांसारखी प्रणाली घेता येते. या प्रणाली सक्षम आहेत आणि सुधारणा नियमित मिळतात. मात्र परवान्याचे वाचलेले पैसे माणसाच्या वेळेत खर्च होतात. तो माणूस नसेल तर मुक्त सॉफ्टवेअर स्वस्त पडत नाही. शहरातील संगणकशास्त्राचे विद्यार्थी हे काम शिकून घेऊ शकतात. आपल्या महाविद्यालयांनी अशा प्रशिक्षणाचा विचार केल्यास लहान व्यवसायांची गरज भागेल आणि विद्यार्थ्यांना रोजगारही मिळेल.

८. नोंदी आणि कायदा

भारत सरकारच्या सर्ट-इन या यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवणे आणि संगणक प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवणे आवश्यक आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांना त्यासाठी २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत मुदत दिली होती. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ नुसार माहितीच्या रक्षणासाठी वाजवी उपाय न योजल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. या अधिनियमाखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले.

याचा फायरवॉलच्या निवडीशी सरळ संबंध आहे. अनेक लहान मॉडेलांत नोंदी साठवण्यासाठी डिस्क नसते. वर उल्लेखिलेल्या ६०एफ मध्ये ती नाही, ६१एफ मध्ये आहे. डिस्क नसलेले यंत्र बंद करून चालू केले की स्मरणातील नोंदी नाहीशा होतात आणि चोरी कोठून झाली याचा माग काढता येत नाही. अशा वेळी नोंदी दुसऱ्या संगणकावर पाठवण्याची व्यवस्था करावी किंवा डिस्क असलेले मॉडेल घ्यावे. यंत्राचे घड्याळही बरोबर असावे, अन्यथा नोंदीतील वेळेला अर्थ राहत नाही.

कायद्याच्या पलीकडेही एक बाजू आहे. आपल्याकडे ठेवलेली दुसऱ्याची वस्तू ही अमानत असते आणि तिचे रक्षण हे कर्तव्य असते, हे आपल्या घराघरांत सांगितले जाते. मराठीतील ‘अनामत’ हा शब्दही त्याच मुळाचा. ग्राहकाचे रेखाचित्र, कामगाराच्या आधारपत्राची प्रत, विद्यार्थ्याच्या शिष्यवृत्तीचे कागद ही आजच्या काळातील अमानतच होय. ती हरवली तर नुकसान केवळ आपले होत नाही.

९. विक्रेत्याला विचारावयाचे प्रश्न

दरपत्रक स्वीकारण्यापूर्वी पुढील प्रश्नांची उत्तरे लेखी घ्यावीत :

१) या मॉडेलला सॉफ्टवेअर सुधारणा कोणत्या तारखेपर्यंत मिळतील?

२) परवाना संपल्यावर नेमके काय बंद पडते आणि काय चालू राहते?

३) तिसऱ्या व पाचव्या वर्षी नूतनीकरणाचा दर काय असेल?

४) यंत्र बिघडल्यास बदली यंत्र आपल्या गावी किती दिवसांत पोहोचेल?

५) सुधारणा कोण बसवेल, किती दिवसांत आणि त्याचे शुल्क किती?

६) यंत्राची नोंदणी कोणाच्या ईमेलवर होईल?

शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण तो तसा नाही. अनेकदा विक्रेता आपल्याच ईमेलवर यंत्राची नोंदणी करतो. पुढे विक्रेता बदलायचा झाला की परवाना, नोंदी व मुख्य पासवर्ड त्याच्याकडेच अडकतात. नोंदणी व्यवसायाच्या नावाने व ईमेलने व्हावी आणि मुख्य पासवर्ड बंद लिफाफ्यात मालकाच्या तिजोरीत असावा. कोणत्याही कंपनीचे यंत्र निर्दोष नाही, हेही ध्यानात ठेवावे. फॉर्टिनेट, पालो आल्टो, सोफोस, सिस्को, सॉनिकवॉल या सर्वांच्या यंत्रांत गेल्या काही वर्षांत गंभीर दोष सापडले आहेत. म्हणून दोष सापडल्यावर दुरुस्ती किती लवकर येते आणि ती आपोआप बसते का, याला अधिक महत्त्व द्यावे. एप्रिल २०२० मध्ये सोफोसच्या एक्सजी यंत्रांवर हल्ला झाला तेव्हा कंपनीने तातडीची दुरुस्ती दुरूनच यंत्रांपर्यंत पोहोचवली होती. ज्यांनी ती आपोआप बसण्याची सोय बंद ठेवली होती त्यांना ती स्वतः बसवावी लागली.

१०. प्रत्यक्ष बदल

जुन्या यंत्रातील नियम जसेच्या तसे नव्यात उतरवू नयेत. प्रत्येक नियमापुढे तो कोणासाठी व कशासाठी केला हे लिहावे. उत्तर मिळाले नाही असा नियम सोडून द्यावा. ‘तात्पुरते’ म्हणून केलेले नियमच बहुधा सर्वांत जुने निघतात. नव्या यंत्रात प्रथम सर्व बंद ठेवून लागेल तेवढेच उघडावे.

बदल आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी करावा. त्याआधी नवे यंत्र टेबलावर मांडून त्याचे सॉफ्टवेअर अद्ययावत करावे. बदल झाल्यावर बिले निघतात का, बँकेचे संकेतस्थळ उघडते का, छपाई होते का, व्हीपीएन जुळते का, हे यादी हातात घेऊन तपासावे. जुने यंत्र आठवडाभर तसेच ठेवावे, म्हणजे अडचण आल्यास परत जोडता येते. नव्या यंत्रातील मांडणीची प्रत काढून कार्यालयाबाहेर, कुलपात ठेवावी. कंपनीच्या क्लाउडवर ती ठेवण्यापूर्वी विचार करावा. सॉनिकवॉलच्या क्लाउडवर अशा प्रती ठेवणाऱ्या सर्व ग्राहकांच्या फाइली बाहेरच्या व्यक्तीच्या हाती लागल्याचे कंपनीने ऑक्टोबर २०२५ मध्ये मान्य केले.

जुने यंत्र भंगारात देण्यापूर्वी त्यातील सर्व मांडणी पुसून टाकावी. ईसेट या सुरक्षा कंपनीने २०२३ मध्ये जुन्या बाजारातून राऊटर विकत घेऊन तपासले, तेव्हा अर्ध्याहून अधिक यंत्रांत आधीच्या मालकांची गोपनीय माहिती तशीच सापडली.

११. फायरवॉलच्या मर्यादा

कर्मचाऱ्याने फसव्या ईमेलवर विश्वास ठेवून पासवर्ड दिला, फोनवर ओटीपी सांगितला किंवा बाधित पेनड्राइव्ह लावला, तर फायरवॉल फारसे काही करू शकत नाही. म्हणून यंत्राच्या खर्चाबरोबर दोन गोष्टी अवश्य कराव्यात. पहिली, हिशेबाची व महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत जाळ्यापासून अलग असलेल्या डिस्कवर दर आठवड्याला काढावी आणि ती परत उघडता येते याची अधूनमधून खात्री करावी. दुसरी, कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा तासभर बसवून फसवणुकीचे प्रकार समजावून सांगावेत. पहिल्या गोष्टीला एका डिस्कची किंमत पडते आणि दुसरीला फक्त वेळ.

समारोप

वरील विवेचनावरून निवडीचा क्रम असा ठरतो. प्रथम जुन्या यंत्राच्या सुधारणांची अंतिम तारीख पाहावी. नंतर आपल्या जाळ्याचे चित्र काढावे. संपूर्ण संरक्षण चालू असतानाचा वेग, सुरक्षित व्हीपीएन, विभाग पाडण्याची सोय आणि १८० दिवसांच्या नोंदी या चार कसोट्यांवर दोन-तीन यंत्रे निवडावीत. त्यांच्या पाच वर्षांच्या खर्चाची तुलना करावी. आणि शेवटी, दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात या यंत्राच्या सुधारणा कोण पाहणार, त्या व्यक्तीचे नाव लिहावे. ते नाव लिहिता आले तर मध्यम प्रतीचे यंत्रही आपले रक्षण करील. ते लिहिता येत नसेल, तर खरेदी थोडी लांबवून आधी ती व्यक्ती शोधावी. मात्र जुन्या यंत्राची मुदत संपली असेल तर हा शोध आजच सुरू करावा आणि तोवर बाहेरून उघडी असलेली सर्व पोर्ट बंद करून घ्यावीत.